कोलॅजन पावडर की सनस्क्रीन?

चाळिशीतल्या मामेबहिणीचा प्रश्न: सुरकुत्यांसाठी एकावरच खर्च करायचा, तर कशावर करू?

आधी परिणाम. उन्हातले यूव्हीए (अतिनील) किरण खिडकीच्या काचेतूनही येतात आणि त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, तोडतात. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोरच्या चाचणीत (२०१३) रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेवर साडेचार वर्षांत वयाच्या खुणा वाढलेल्या आढळल्या नाहीत. पावडर मात्र पोटात पचून अमिनो आम्लं आणि छोटे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचे तुकडे, होते. ते चेहऱ्याकडेच जातील असं नाही. काही छोट्या चाचण्यांत लवचिकता थोडी सुधारली खरी, पण त्यांतल्या बऱ्याच कंपन्यांच्याच पैशातून झालेल्या.

खर्चात पावडरच महाग. शिवाय ती मासे किंवा गुरांपासून बनते, त्यामुळे शाकाहारींचा प्रश्नच मिटतो. उसळ, डाळ, आवळा, पेरू रोज पोटात गेले तर शरीर त्यातूनच कोलॅजन घडवतं.

कष्ट सनस्क्रीनला जास्त: दोन बोटांवर पूर्ण पट्टी काढून चेहऱ्या-मानेला लावायची, उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.

स्कूटरवर फिरणाऱ्या, खिडकीशी बसणाऱ्या प्रत्येकीने सनस्क्रीनच घ्यावं, एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा जास्त. मांसाहार चालतो, हाताशी पैसा आहे आणि सनस्क्रीन आधीच नेमाने लावता, तर पावडर वापरून बघायला हरकत नाही.