एक्झिटच्या दाराला किल्लीचं कुलूप विकून गेला

फोंडा-डिचोलीकडच्या हॉलवाल्यांनो, गेस्ट हाऊसवाल्यांनो, अग्निसुरक्षेचा अधिकारी म्हणून आलेला तोतया माझ्याकडून उकळून गेला तो आकडा आधी वाचा: 60,231 रुपये. चार कुलपं 27,400, ‘एक्झिट’च्या नऊ पाट्या 13,050, त्यावर जीएसटी 7,281 आणि ‘सर्टिफिकेट फी’ रोख 12,500. रोखीची पावती अर्थातच नाही.

डिसेंबर 2025 मध्ये गोव्यातल्या हडफड्याच्या नाईट क्लबला आग लागून 25 जण गेले, तेव्हापासून प्रत्येक हॉलवाला धास्तावलाय. ही तोतया माणसं त्याच धास्तीवर पोट भरतात. माझ्याकडे आलेल्याच्या गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल, तोंडात आपली कोकणी. ‘बाब, भियेनाकात, हांव आसां.’ (भिऊ नका, मी आहे.) मोबाइलवर सील ठोकलेल्या हॉटेलांचे फोटो दाखवले आणि मागोमाग त्याचा ‘मान्यताप्राप्त’ मिस्त्री ड्रिल मशीन घेऊन हजर. लग्नसराई तोंडावर, तारखांचे आगाऊ पैसे घेतलेले. तुम्ही काय केलं असतं?

आता जे आठवलं की कानशिलं तापतात ते सांगतो. मागच्या दाराला त्याने दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं कुलूप बसवलं. वर मला सांगतो, ‘एक किल्ली काचेच्या डबीत भिंतीवर ठेवा, नियमच आहे.’ नियम नेमका उलटा आहे. राष्ट्रीय इमारत संहिता 2016, भाग 4 सांगतो की बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. धुरात डोळे उघडत नाहीत, तिथे डबी कोण शोधणार? दिल्लीच्या उपहार सिनेमात 1997 साली 59 माणसं गेली, तिथेही बाल्कनीतून बाहेर पडायची वाट जादा खुर्च्यांनी अडवलेली होती. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर कुलपाची गोष्ट मला पटली, कारण त्याच दारातून माझी पितळेची भांडी चोरीला गेली होती. हॉल चालवणाऱ्यालाच कळेल ते. चोर बाहेरून थांबला पाहिजे आणि पाहुणा आतून सुटला पाहिजे, यासाठी पॅनिक बार नावाची वस्तू मिळते. आडवी दांडी, अंग टेकलं की दार उघडतं. ती त्याने दाखवलीच नाही. त्याच्याकडे नसणार.

पण तो तोतया असल्याची खूण त्याहून मोठी होती, समोर उभी होती. त्याच दारावर नवरीसाठी लावलेला आरसा! संहितेत साफ लिहिलंय की बाहेर पडायच्या दारावर किंवा वाटेत आरसा नको, माणसं दिशा चुकतात. हा पठ्ठ्या त्याच आरशात बघून केस सारखे करत होता. मी म्हटलं, काढू का? ‘रावं दी, बरो दिसता.’ (राहू दे, छान दिसतो.) नंतर खरा अधिकारी आला, त्याने दारात पाऊल ठेवताच बोट दाखवलं ते आरशाकडे. मग दार ढकलून पाहिलं. उघडेना. मला नोटीस.

पाट्या? लाल अक्षरं, ‘अंधारात चमकतात’ म्हणून विकलेल्या. अधिकाऱ्याने मेन स्विच पाडायला लावला, काळोख गुडुप्प. साधं विनाइल. सुटकेची पाटी हिरव्यावर पांढरी असते, लाल रंग आग विझवायच्या साधनांचा. पाटी घेताना विकणाऱ्यासमोर खोली अंधारी करा आणि मगच पाकिटाला हात घाला.

बिल बघा, माझं आता फ्रेम करण्यासारखं आहे. जीएसटी क्रमांक 27 ने सुरू, म्हणजे महाराष्ट्राचा. गोव्याचा 30. महाराष्ट्रातून माल आला तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा एकच कर लागतो, याने अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा लावलाय. पोर्टलवर क्रमांक टाकला तर कधीच बंद झालेलं कापडाचं दुकान निघालं. फुकट तपासता येतं हे, दोन मिनिटांत. माझा अकाउंटंट हे मला आता सांगतो!

पोलिसांकडे गेलो. ‘माल मिळाला ना? मग फसवणूक कुठे? दिवाणी दावा लावा.’ दाखला देणाऱ्या कार्यालयात गेलो. ‘तो आमचा माणूस नाही.’ अहो, ते मलाही कळलंय! तुमच्या शिक्क्याची नक्कल करून कुणी गावभर फिरतोय, त्याची तक्रार तुम्ही करणार की मी? ‘लेखी द्या.’ दिलं. आवक क्रमांक मागितला तर क्लार्क रजेवर. पंचायतीने पोलिसांकडे पाठवलं, पोलिसांनी पुन्हा पंचायतीकडे. तुंबलेला तो सगळा राग मी घरी बायकोवर काढला, तिचा काय दोष. मला नोटीस बजावायला मात्र यांच्याकडे जीप होती, ड्रायव्हर होता, वेळही होता.

सर्टिफिकेट दुकानदार देत नाही. सरकारी फी रोखीने कुणाच्या खिशात जात नाही. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच घटकेला सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा, माझ्यासारखं ‘उद्या बघू’ नको. ओळखपत्र दाखवलं तर फोटो काढा आणि कार्यालयाच्या नंबरवर आपण स्वतः फोन करा, त्याने लावून दिलेल्या नंबरवर नव्हे. असेंब्लीच्या, म्हणजे माणसं जमतात अशा जागेला दाराची रुंदी 2000 मिलिमीटर लागते. येणाऱ्याने टेप बाहेर काढली नाही तर त्याला चहा सुद्धा देऊ नका.

त्याचा नंबर अजून चालू आहे. डीपीवर आता पेडण्याकडच्या कुठल्याशा हॉलसमोर काढलेला फोटो आहे, हातात तीच फाइल. स्क्रीनशॉट घेऊन पोलिसांकडे गेलो, तर म्हणाले प्रिंट काढून आणा. काळी-पांढरी नेली. आता रंगीत हवी आहे.