पहिलं आरसी विमान: रेडीमेड घेऊ की सनबोर्डचं बनवू?

पावसाळा संपला की ओळखीतलं कोणीतरी हमखास विचारतं, आरसी (रिमोटने उडवायचं छोटं) विमान सुरू करायचंय, कुठलं घेऊ. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

बाल्साचं, म्हणजे एकदम हलक्या लाकडाच्या विमानाचं, आधीच मिटवू. दिसायला देखणं, उडतं पण झकास, पण एकदा आपटलं की काड्या गोळा करत बसायचं, शिवाय आपल्या मुंबईच्या जुलैच्या दमट हवेत पातळ बाल्सा वाकडा कधी होईल नेम नाही. ते तिसरं-चौथं विमान म्हणून ठेवा.

रेडीमेड छोटं फोमचं विमान म्हणजे खोक्यातून काढा, बॅटरी चार्ज करा, हवेत फेका. आत जायरो (विमानाचा तोल ओळखणारा सेन्सर) असतो, तो हात थरथरला तरी सांभाळून घेतो, पहिल्या दिवशी उडवल्याचं समाधान मिळतं. पण ही विमानं एवढी हलकी की दुपारी खारा वारा सुटला की पतंगासारखी भरकटतात, त्यामुळे सकाळी लवकर उडवायची. आणि बऱ्याच मॉडेलमध्ये रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा), जायरो सगळं एकाच बोर्डावर, तो गेला की त्याच मॉडेलचा बोर्ड शोधत फिरा.

सनबोर्डचं बनवायला दोन-तीन रविवार जातात. दुकानात नुसतं सनबोर्ड म्हटलं की कधीकधी पीव्हीसीचं जड पान काढून देतात, ते नको, मधे फोम आणि दोन्ही बाजूंना कागद असलेलं ५ एमएमचं घ्या. सामान असं: २२१२ साइजची मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग कमीजास्त करणारं सर्किट), ९ ग्रॅमचे सर्वो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), ३ सेलची लायपो बॅटरी, सहा चॅनलचा रिमोट. हे सामान लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन मिळतं, आणि एकदा घेतलं की विमान मेलं तरी सामान पुढच्यात जातं, खरा फायदा हाच. पंख रबरबँडने बांधा. आपटल्यावर तुटण्याऐवजी सुटतो आणि लोकलमध्ये नेताना वेगळा काढता येतो, एक मीटरचा पंख घेऊन डब्यात चढून बघा म्हणजे कळेल. पंखाची पुढून मागे जी रुंदी, तिच्या पुढच्या कडेपासून २५ ते ३३ टक्क्यांवर दोन बोटांनी उचललं की नाक किंचित खाली झुकलं पाहिजे, शेपूट जड असेल तर फेकूच नका.

माझं पहिलं विमान एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या पंखाच्या मागच्या पट्ट्या) उलटे जोडल्यामुळे चार सेकंदांत जमिनीत गेलं. नाक पार चेपलं, हॉट ग्लू आणि बांबूची काडी लावून तासाभरात परत वर. रेडीमेडवाला मित्र तोपर्यंत घरी निघून गेला होता.

आता जागेचं. विमानतळाच्या हद्दीपासून ५ किमी रेड झोन (परवानगीशिवाय उडवायला बंदी) असतो, त्यात सांताक्रूझ आणि जुहू हे दोन विमानतळ धरले की उपनगरांचा मोठा पट्टा गेलाच, वर पोलिसांचे मनाईचे आदेशही अधूनमधून निघतात आणि त्यात रिमोटवाली विमानंही येतात. त्यामुळे शिवाजी पार्क, चौपाटी विसरा. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन वेबसाइटवरचा नकाशा आणि पोलिसांचा ताजा आदेश दोन्ही बघून बदलापूर-कर्जतकडे मोकळं रान शोधा आणि मालकाला विचारून उडवा.

तर मुलाला वाढदिवसाला द्यायचंय किंवा नुसतं आवडतंय का ते बघायचंय, तर रेडीमेड घ्या. छंद म्हणून करायचं असेल आणि घरी फरशीवर दोन-तीन रविवार कटर चालवू देत असतील तर सनबोर्ड. दोन्हीत एक लक्षात ठेवा, विमान तुमच्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, त्यावेळी जो पंख खाली गेलाय त्या बाजूला स्टिक ढकला, सरळ होतं.