६५ वॉटचा तीन पोर्टवाला चार्जर : आठ महिने वापरून झाल्यावर

गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये १,८०० रुपयांच्या आसपास घेतला होता, आता जून संपत आला म्हणजे आठ महिने झाले. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण जे त्रास झाले त्यातले अर्धेअधिक या चार्जरचे नव्हतेच आणि जे याचे होते ते या किमतीतल्या बऱ्याच तीन पोर्टवाल्यांत सापडतील. दोन टाइप-सी, एक जुना चपटा ए पोर्ट, गॅनवाला (आत नेहमीच्या सिलिकॉनऐवजी गॅलियम नायट्राइड, त्यामुळे आकार लहान), साधारण पत्त्यांच्या दोन कॅटएवढा. एकट्या पोर्टवर ६५ वॉट देतो असं खोक्यावर लिहिलंय आणि देतो पण, त्यात खोटं काही नाही.

घ्यायचं कारण काय तर आमच्या वर्तकनगरच्या घरात टीव्हीखाली सहा पॉइंटचा एक्स्टेंशन बोर्ड आहे आणि त्यावर सहाच्या सहा ठिकाणी ठोकळे. बायको त्याला मधमाशांचं पोळं म्हणायची. २०२३ मध्ये आयफोन १५ सुद्धा टाइप-सीवर आला, युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून नवीन फोनना टाइप-सी सक्तीचं केलं, तेव्हा म्हटलं चला संपला वनवास, एक चार्जर, दोन केबल, बाकी सगळं भंगारात. तसं काही होत नाही हो. पिन एकच झाली, आतला कारभार ज्याचा त्याचाच राहिला.

पहिला दणका बसला तो डास मारायच्या रॅकेटने. आमच्याकडे संध्याकाळी साडेसहाला खिडक्या लावल्या तरी डास आत असतातच, त्यामुळे रॅकेट हे घरातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र आणि त्याचा ताबा बाबांकडे. नवीन रॅकेटला टाइप-सी आहे म्हणून मी खुशीत होतो. चार्जरबरोबर आलेली दोन्हीकडे सी असलेली केबल लावली, तर लाल लाइट लागेना. केबल उलटी करून लावली, दुसऱ्या पोर्टला लावली, पिन जरा दाबून धरली, काही नाही. तीच केबल फोनला लावली की चालू. बाबा म्हणाले, "तुझा १,८०० चा चार्जर एवढीशी रॅकेट चार्ज करत नाही?" आणि आत जाऊन ड्रॉवरमधून कुठल्यातरी जुन्या फोनचा पिवळा पडलेला चार्जर आणि त्याची ए टू सी केबल घेऊन आले, लावली, लगेच लाइट. ते काही बोलले नाहीत पण चेहऱ्यावर सगळं होतं.

मग दोन रात्री वाचत बसलो तेव्हा कळलं. जुना ए पोर्ट बिनडोक असतो, कोणी लावलेलं असो नसो, त्याचे ५ व्होल्ट चालूच. टाइप-सी पोर्ट तसा नाही, तो आधी बघतो की पलीकडे खरंच कोणी आहे का, आणि ते ओळखायला पलीकडच्या वस्तूत ५.१ किलोओमचे दोन रेझिस्टर, म्हणजे विजेला अडवणारे बारीक भाग, लागतात. ते दिसले नाहीत तर चार्जर वीजच सोडत नाही. रॅकेट, ट्रिमर, स्वस्तातले नेकबँड, हातात धरायचे छोटे पंखे, यात बऱ्याचदा कंपनी फक्त टाइप-सीची पिन बसवते आणि ते दोन रेझिस्टर खाऊन टाकते, किती वाचवतात त्यात देव जाणे. आणि हे फक्त सटरफटर कंपन्यांचंच नाही, २०१९ मध्ये रास्पबेरी पाय ४ नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर आला तेव्हा त्यातही या रेझिस्टरच्या जोडणीत गडबड होती आणि काही भारीतल्या केबलवर तो चालूच होत नव्हता. म्हणजे चार्जर बरोबर वागत होता आणि शिव्या मी त्यालाच घातल्या. आता रॅकेट आणि माझा ट्रिमर दोन्ही ए पोर्टवर. म्हणून सांगतो, नुसत्या सी पोर्टचा चार्जर दिसायला कितीही भारी असला तरी घेऊ नका, निदान पुढची दोनचार वर्षं तरी.

दुसरी भानगड लॅपटॉपची. मी ऐरोलीला कामाला आहे, आठवड्यातले दोन दिवस घरून. ऑफिसच्या लॅपटॉपला ६५ वॉट लागतात, चार्जर ६५ चा, मग अडचण काय? तर रोज कोपऱ्यात मेसेज, स्लो चार्जर लावलाय. शेवटी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून साडेसहाशेला छोटा यूएसबी मीटर आणला, केबलच्या मध्ये लावायचा, व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो. तुम्ही असल्या भानगडीत पडणार असाल तर आधी हा घ्या, मग बाकीचं. मीटरवर दिसलं २० व्होल्ट आणि करंट काही केल्या ३ अँपिअरच्या वर जाईना. २० गुणिले ३ म्हणजे ६०. साध्या टाइप-सी केबलला ३ अँपिअरचीच परवानगी, त्याच्या वर जायचं तर केबलच्या पिनेत एक बारीकशी चिप लागते जी चार्जरला सांगते की मी ५ अँपिअर झेपवू शकते. ६५ वॉटला ३.२५ लागतात. म्हणजे पाव अँपिअरसाठी सगळं अडलं होतं, आणि खोक्यातली केबल ६० वॉटवाली दिली होती. हे मला पटलं नाही, म्हणजे ६५ चा चार्जर विकायचा आणि आत ६० ची केबल टाकायची, हा शुद्ध चालूपणा आहे. वेगळी १०० वॉटची केबल घेतली ५५० ला, मेसेज गेला.

आणि त्या १०० वॉटवाल्या केबलने अजून एक गंमत केली. जाडजूड, विणलेली, एकदम दणकट दिसते, म्हणून मी तीच लॅपटॉपमधून मॉनिटरला लावली, स्क्रीन काळा. अर्धा तास मॉनिटरच्या सेटिंगमध्ये घातला. तर या जाड केबल बहुतेक चार्जिंगपुरत्या असतात, डेटा जातो तो यूएसबी २ च्या स्पीडने, ४८० मेगाबिट, आणि चित्र न्यायच्या तारा आत नसतातच. म्हणजे दिसायला सारख्या चार केबल आणि चौघींची कुळं वेगळी. यावर बायकोने उपाय काढला, तिच्या नेलपॉलिशने पिनेवर ठिपका. लाल म्हणजे १०० वॉट, गुलाबी म्हणजे मॉनिटरची, बिनठिपक्याच्या सगळ्या फालतू. घरात हे एकच लेबल टिकलंय, चिकटवलेले कागद पंधरा दिवसांत निघाले.

आता जे खरोखर चार्जरचं आहे ते सांगतो. ६५ वॉट फक्त एकटंच काहीतरी लावलं असेल तर. दोन्ही सी पोर्ट वापरले की ४५ आणि २०. तिन्ही वापरले की पहिल्याला ४५ आणि उरलेल्या दोघांत मिळून १५. हे खोक्याच्या मागे मुंगीच्या अक्षरात आहे. ते ठीक, वाटणी होणारच. पण कोणी नवीन काही लावलं किंवा काढलं की चार्जर सगळ्यांची वीज सेकंदभर बंद करतो, परत वाटाघाटी करतो आणि मग सोडतो. फोनला काही फरक पडत नाही, लॅपटॉपला बॅटरी असते त्यामुळे त्यालाही नाही. मी मात्र लॅपटॉप हबमधून (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) चार्ज करत होतो आणि त्याच हबला हार्ड डिस्क लावून भाच्याच्या मुंजीचे फोटो कॉपी करत होतो, साधारण ४० जीबी. अर्ध्याच्या पुढे गेलं होतं. मुलगी आली, इयरबड्स दुसऱ्या पोर्टला खुपसले, हबची वीज क्षणभर तुटली आणि टुंग आवाज करून डिस्क गायब. परत दिसायला लागली तर तो फोल्डर उघडेना. फोटो फोटोग्राफरकडे होते म्हणून वाचलो, नाहीतर बहिणीने मला त्याच होमात टाकलं असतं. तेव्हापासून डिस्कचं काम असलं की चार्जरला एकच वायर, आणि घरात आधी ओरडून सांगायचं.

फोनच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नका. बायकोच्या फोनबरोबर ६७ वॉटचा चार्जर आला होता, पण ते त्या कंपनीचं स्वतःचं फास्ट चार्जिंग, त्याला चार्जर पण त्यांचा आणि केबल पण त्यांचीच लागते. आपल्या ६५ वर लावला तर मीटर दाखवतो ९ व्होल्ट २ अँपिअर, म्हणजे १८ वॉट, बस. रात्री लावून झोपायचं असेल तर उत्तम, सकाळी घाईत पोहे खाता खाता लावायचा असेल तर तिचा मूळ ठोकळाच. मुलीचा फोन सॅमसंगचा, त्याच्या सुपर फास्टला पीपीएस लागतं, म्हणजे फोन चार्जरला २०-२० मिलिव्होल्टने व्होल्टेज वरखाली करायला सांगतो, त्याने फोन कमी तापतो. ते पीपीएस या चार्जरच्या फक्त वरच्या पोर्टला आहे. खालच्याला लावलं की नुसतं फास्ट दिसतं, सुपर जातं. मग वरच्या पोर्टवरून बापलेकीची भांडणं.

आता करंटचं. मार्चमध्ये आई लॅपटॉपवर नातेवाइकांचा व्हिडिओ बघत होती, मनगट टेकवलं आणि एकदम म्हणाली, "अरे यात करंट येतोय." मी म्हटलं काहीतरीच. मग मी चप्पल काढून लादीवर उभा राहिलो आणि लॅपटॉपच्या कडेवरून बोट फिरवलं, तर खरंच झिणझिण, मुंग्या आल्यासारखं. लॅपटॉपची बॉडी धातूची आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने टेस्टर लावला तर आत मंद पेटला. त्याने घराचं अर्थिंग तपासलं, ते व्यवस्थित होतं, पण चार्जर दोन पिनांचा, त्याला अर्थिंगशी देणंघेणंच नाही. या चार्जरच्या आत मेन्सची, म्हणजे भिंतीतल्या विजेची बाजू आणि आपली बाजू यांच्यामध्ये विजेतली खरखर दाबायला एक छोटा कपॅसिटर टाकतात, त्यातून मिलिअँपिअरचा अगदी लहानसा भाग इकडे झिरपतो. लॅपटॉपच्या मूळ तीन पिनांच्या अडॅप्टरमध्ये तो अर्थिंगमधून निघून जातो, इथे त्याला दुसरा रस्ता नाही म्हणून आपल्यातून. चप्पल घातली की कळत नाही, मॉनिटर एचडीएमआयने लावलेला असेल तरी कळत नाही कारण मॉनिटर तीन पिनांचा. झिणझिण असेल तर तेवढं घाबरू नका, पण खाडकन झटका बसला तर तो चार्जर काढून टाका, तिथे शहाणपणा नको. आईला मी हे सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि आता ती टॅबवर बघते.

बोर्डाचा विषय राहिला. आमची बिल्डिंग जुनी, बोर्डवर गोल भोकांचे पाच अँपिअरचे सॉकेट, आणि चार्जरच्या पिना बारीक. त्यात ठोकळा जड, त्यामुळे लावला की पुढे झुकून लोंबकळतो. दोनेक महिन्यांनी लावताना चर्र आवाज यायला लागला, एक दिवस जळका वास आला, बघितलं तर सॉकेटच्या एका भोकाभोवती प्लास्टिक तपकिरी झालेलं. सैल पिन म्हणजे ठिणगी, ठिणगी म्हणजे अजून गरम. सॉकेट बदलून घेतला आणि चार्जर आता टेबलावर, चांगल्या एक्स्टेंशन बोर्डात आडवा. मेमध्ये दुपारी पंखा नसलेल्या कोपऱ्यात तो इतका तापायचा की अर्ध्या तासाने आपोआप ६५ वरून ४५ वर उतरायचा, मीटरवर डोळ्यांसमोर उतरताना बघितलंय. गॅन म्हणजे तापत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, लहान असतो म्हणून उष्णता लहान जागेत असते एवढंच. पाऊस सुरू झाल्यापासून ठीक आहे. लाइट दिवसातून चार वेळा गेली आली तरी त्याला अजून काही झालेलं नाही, हे त्याचं कौतुक.

मध्ये तुलना करायला म्हणून स्टेशनबाहेरच्या एका टपरीवरून १५० चा चार्जर पण आणला, त्यावरही मोठ्ठं ६५ वॉट लिहिलेलं. मीटरवर ५ व्होल्ट, दीड अँपिअर, त्याच्या पुढे हलला नाही. बीआयएसचा, म्हणजे सरकारी मानक संस्थेचा, आर नंबर (नोंदणी क्रमांक) कुठेच नाही. माझ्यावाल्यावर आहे, बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकून बघितला, बरोबर निघाला. विकत घेताना दुकानातच उभ्या उभ्या होतं हे काम.

पाचपैकी चार देईन. अर्धा खोक्यातल्या केबलचा कापला, अर्धा त्या पोर्ट बंद-चालूचा. पोळ्यावरचे सहा ठोकळे आता तीनवर आलेत, बायकोच्या फोनचा, राउटरचा आणि हा. बाबांचा पिवळा चार्जर ड्रॉवरमध्ये परत गेला, पण फेकू देत नाहीत.

गेल्या रविवारी मेव्हणा खारघरहून आला होता, जाताना लाल ठिपक्याची केबल घेऊन गेला, त्याला वाटलं त्याचीच. त्यामुळे लॅपटॉप सध्या परत ६० वर आणि कोपऱ्यात तो मेसेज. त्याची काळी सी टू सी इथे राहिलीये. काल संध्याकाळी बाबांनी ती रॅकेटला लावली आणि माझ्याकडे बघितलं.