शेडनेटखालची गुहा: माझे ४८ हजार कसे गेले

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सूत आलं की पोतं फोडून कोन बाहेर काढायचा, काउंट तपासायचा, वजनकाट्यावर ठेवायचं आणि मगच बिलावर सही करायची, ही वडिलांपासूनची सवय. वीस वर्षांत एकाही सूतवाल्याने मला गंडवलेलं नाही. गंडवलं ते स्कुबाच्या एका ‘सरां’नी, आणि त्या दिवशी मी काटा घरीच ठेवून गेलो होतो.

पोहायला शिकलो आजोळच्या विहिरीत, पाठीला भोपळा बांधून. मोठेपणी तारकर्लीला स्कुबाचा पहिला डाइव्ह केला आणि चटक लागली. पुढे अंदमानात ओपन वॉटर, म्हणजे उघड्या पाण्यातला पहिला कोर्स, आणि त्यापुढचा अॅडव्हान्स्ड असे दोन्ही कोर्स रीतसर केले. मग मेक्सिकोतल्या सेनोटेंचे व्हिडिओ बघण्यात आले. युकातानच्या चुनखडीच्या जमिनीत छत कोसळून झालेले हे पाण्याचे कुंड. निळ्याशार पाण्यात वरून उन्हाचे झोत उतरतात आणि त्यातून माणसं तरंगत जातात. मेहुणा ह्यूस्टनला असतो, तिथून मेक्सिको जवळ. पन्नाशीच्या आत हे करायचंच, असं ठरवून टाकलं.

महापालिकेच्या जलतरण तलावावर सकाळच्या बॅचमध्ये हे बोललो, तर एकाने लगेच एक नंबर दिला. “मोठे डायव्हर आहेत, पुण्याचे. सोलापुरात येऊन कोर्स घेतात.” सर भेटायला आले ते छातीवर एका आंतरराष्ट्रीय संस्थेचा लोगो असलेला टीशर्ट घालून. “शेठ, सेनोटेत उतरायचं तर कॅव्हर्नचं, म्हणजे गुहेत उतरण्याचं, कार्ड कंपल्सरी. भारतात हे शिकवणारे बोटावर मोजण्याइतके, त्यातला मी एक.” मी तीन प्रश्न विचारले: पैसे किती, दिवस किती, कार्ड कधी. आज लक्षात येतं, तिन्ही प्रश्न त्याच्याच सोयीचे होते.

एकूण ४८ हजार, त्यातले २५ आगाऊ. यूपीआय करताना स्क्रीनवर एका बाईंचं नाव आलं. “मिसेसचं खातं आहे, जीएसटीची भानगड नको,” ते म्हणाले. मी स्वतः दर महिन्याला जीएसटीचं रिटर्न भरतो. तरी गप्प बसलो, कारण मलाही वाटलं की तेवढेच अठरा टक्के वाचले. माझ्या लोभाचा वाटा इथे लिहिला नाही, तर पुढचं सगळं खोटं वाटेल.

बॅचमध्ये आम्ही तिघं. मी, नवी पेठेतले एक औषधवाले आणि कुर्डुवाडीचा एक तेवीस वर्षांचा पोरगा. होटगी रोडवर एका क्लासची खोली भाड्याने घेऊन दोन संध्याकाळ ‘थिअरी’ झाली. पुस्तक नाही, परीक्षा नाही, व्हिडिओ मात्र भरपूर. आणि इथे मराठीचाही थोडा दोष आहे. इंग्रजीत कॅव्हर्न आणि केव्ह हे दोन वेगळे शब्द, आपल्याकडे दोन्ही गुहाच. सर कधी हा शब्द वापरायचे, कधी तो, आणि आम्ही माना डोलवायचो. फरक साधा आहे. गुहेच्या तोंडातून येणारा उजेड जिथून दिसतो, तिथपर्यंत कॅव्हर्न. कवडसा दिसेनासा झाला की केव्ह सुरू, आणि तिचं शिक्षण पूर्ण वेगळं. रात्री उतरलात तर तीच कॅव्हर्न केव्ह होते. कॅव्हर्न कोर्समध्ये आत जाण्याची हद्दही ठरलेली असते. पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजलेलं अंतर, संस्थेनुसार ४० ते ६० मीटर. हे मला सरांनी सांगितलं नाही, नंतर मी वाचलं.

त्यांनी शिकवलेली एक गोष्ट तर अशी, की आठवली की अंगावर काटा येतो. “सिलिंडर अर्धा झाला की मागे वळायचं.” ऐकायला किती सरळ! अर्धा जायला, अर्धा यायला. पण डोक्यावर छत असताना नियम तिसऱ्या हिश्शाचा आहे. सिलिंडरमध्ये २०० बार (बार हे दाबाचं माप) हवा असेल तर साधारण ६६ संपली की वळायचं. तेवढीच परत यायला लागते आणि उरलेला तिसरा हिस्सा जोडीदारासाठी. सगळ्यात आतल्या टोकाला त्याची हवा गेली, तर तुमच्या एका सिलिंडरवर दोघांना बाहेर यायचंय. अर्ध्यावर वळलेल्या माणसाकडे फक्त स्वतःपुरती हवा असते, तीही घाबरून श्वास वाढला नाही तर. शेक एक्स्ली या अमेरिकन केव्ह डायव्हरने १९७९ साली अपघातांचा अभ्यास करून जी कारणं मांडली, त्यात हा हवेचा हिशेब आहे. बाहेरच्या उघड्या पाण्यापर्यंत सलग दोरी नसणं आहे, प्रमाणाबाहेर खोल जाणं आहे. पंचेचाळीस वर्षांहून जुनी माहिती, आणि आमच्या सरांना एकतर ती ठाऊक नव्हती किंवा सांगायची गरज वाटली नाही.

प्रॅक्टिकल जुलैत, ‘कोकणातल्या समुद्री गुहेत’ होणार होतं. पावसाळ्यात किनाऱ्यावरचं स्कुबा बंद असतं, हे तारकर्लीला जाऊन आलेल्या मला कळायला हवं होतं. आयत्या वेळी सर म्हणाले, समुद्र खवळलाय, आपण इथेच करू. मंद्रूपच्या बाजूला एका शेतातली जुनी दगडी विहीर त्यांनी बघून ठेवली होती. ऑगस्ट अखेर, पाणी चांगलं चाळीस फूट. विहिरीच्या अर्ध्या तोंडावर, डाळिंबाच्या बागेवर टाकतात तसली हिरवी जाळी, शेडनेट, पसरली होती, कडेला विटा ठेवून. “जाळीखाली गेलात की कॅव्हर्न, बाहेर आलात की ओपन वॉटर.” विहिरीचे मालक मामा बाजेवर बसून हे बघत होते. त्यांनी मला हळूच विचारलं, “ह्ये कशापायी करायलाय?” त्या दिवशी विचारलेला एकमेव शहाणा प्रश्न तो होता.

माणशी एकच टॉर्च. एका मुख्य दिव्याबरोबर राखीव दिवाही लागतो. रीलच्या (दोरी गुंडाळलेल्या चाकाच्या) ऐवजी नायलॉनची दोरी, तिची गाठ कुठेच मारलेली नाही, सर टोक हातात धरून पुढे. आम्ही तिघं मागून नेहमीसारखे पाय वरखाली हलवत गेलो आणि दोन मिनिटांत तळाचा गाळ उठला. हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसेना. गाळ उठू नये म्हणून बेडकासारखे पाय मारायचे असतात, हे शिकवणं म्हणजे या कोर्सचा पाया. दोरी सुटली. मी वर निघालो तो थेट जाळीत. विटा पाण्यात पडल्या, जाळी सिलिंडरच्या व्हॉल्व्हला अडकली. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मामांनी वरून काठीने जाळी ओढून काढली, तेव्हा मोकळा झालो. बोटं सोलवटली, बाकी काही नाही.

काठावर बसून खोकत होतो, तर सर हसत म्हणाले, “झीरो व्हिजिबिलिटीचा ड्रिल पण झाला तुमचा! हे मी एक्स्ट्रा शिकवतो.” आणि सांगायला लाज वाटते, पण मला अभिमान वाटला. त्या संध्याकाळी मी उरलेले २३ हजार दिले.

महिन्याने कुरिअरने कार्ड आलं. चकचकीत, फोटोसकट, क्यूआर कोडसकट. कोड स्कॅन केला की एक पीडीएफ उघडायची, त्यात तेच कार्ड.

बिंग फुटलं ते मेक्सिकोचं बुकिंग करताना. तिथल्या डाइव्ह सेंटरला मी दोन्ही कार्डांचे फोटो पाठवले. उत्तर आलं की ओपन वॉटरची नोंद सापडते, कॅव्हर्नची सापडत नाही. त्याखाली एक ओळ होती, ती वाचून मी खुर्चीतच बसून राहिलो. गाइडबरोबर सेनोटेची सैर करायला हे कार्ड लागतच नाही. ओपन वॉटर पुरतं. गाइड स्वतः केव्ह डायव्हर असतो, चारपेक्षा जास्त माणसं घेत नाही आणि कायमच्या बांधलेल्या दोरीवरून, उजेड सोडून आत नेत नाही. म्हणजे मला जे हवं होतं, त्यासाठी मी ४८ हजारांची नको असलेली वस्तू घेतली होती, आणि तीही नकली.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. कार्डावर छापलेला प्रशिक्षकाचा नंबर संस्थेला ईमेलने कळवून विचारलं. पाच मिनिटांचं काम. उत्तर आलं की हा नंबर भलत्याच नावावर आहे. शिवाय हेही कळलं की ओपन वॉटर शिकवण्याचा परवाना असला म्हणजे कॅव्हर्न शिकवता येत नाही, त्याची वेगळी पात्रता लागते. फ्लोरिडातल्या गुहांच्या तोंडाशी पाण्याखाली एक पाटी असते, यमदूताचं चित्र असलेली. तीवर लिहिलंय की अशा गुहांमध्ये ३०० हून जास्त डायव्हर मेले आहेत, आणि त्यांत ओपन वॉटरचे प्रशिक्षकही आहेत.

नंतर गोव्यातल्या एका जाणत्या डायव्हरशी फोनवर बोललो. ते म्हणाले, प्रशिक्षकाला फी नंतर विचारा, आधी विचारा की मागच्या वर्षी किती जणांना नापास केलंत. आमच्या सरांकडे तर पास होण्याची पावती पैसे भरतानाच मिळत होती. स्वतः गेल्या वर्षभरात कुठल्या गुहेत किती डाइव्ह केले, हेही विचारायचं, आणि लॉगबुक, म्हणजे डाइव्हच्या नोंदींची वही, बघायला मागायचं. खरा माणूस चिडत नाही म्हणे, उलट खूश होतो.

तक्रारीचं सांगतो. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, पण पैसे जाऊन तीन महिने झाले होते, खातं रिकामं. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम लावायची विनंती केली. साहेबांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “विहिरीत स्कुबा?” मग वकिलाकडून नोटीस पाठवली. तिच्यानंतर १५ हजार परत आले, बाईंच्याच खात्यातून. उरलेल्यांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. पावती नव्हती, पण यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आहे. ते मी छापून ठेवलंय.

औषधवाल्यांनी कार्ड कात्रीने कापलं. कुर्डुवाडीचा पोरगा मात्र ऐकेना. त्याला फोन केला तर म्हणाला, “काका, तुम्ही घाबरलात म्हणून तुम्हाला तसं वाटतंय. मला तर सगळं जमलं होतं.” डिसेंबरात तो मित्रांना घेऊन कोकणात जाणार आहे, सिलिंडर भाड्याने घेऊन, स्वतःच्या जबाबदारीवर. एक गुहा बघून ठेवलीय म्हणे. रविवारी सकाळच्या गाडीने मी कुर्डुवाडीला जातोय. त्याच्या वडिलांना भेटणार आहे, आणि जमलं तर विहिरीच्या मामांनाही सोबत नेणार आहे.