ओम्नीचं मीटर बंद पडलं का? केबलचे पैसे द्यायच्या आधी हे वाचा

आपल्याकडं अजून लय जणांकडं जुनी ओम्नी आहे. वेचणीच्या बाया वावरात नेणं, लग्नाचं भाडं, पेशंट सेवाग्रामले नाहीतर सावंगीले पोचवणं, सगळं तिच्यावरच चालते. माझंही तसंच. अन् भाडं किलोमीटरवर ठरते, त्यामुळं मीटर बंद म्हणजे उतरताना हिशोबावरून कचकच ठरलेली.

तर माझ्या गाडीचे किलोमीटरचे आकडे एका जागी अडकले, पण स्पीडचा काटा एकदम बरोबर चालून राहिला होता. हे ध्यानात ठेवा, सारी मेख इथंच आहे.

तालुक्याच्या एका गॅरेजवाल्याकडं नेली. त्यानं गाडीखाली वाकून पाह्यलं न पाह्यलं अन् म्हणे, "भाऊ, केबल गेली." म्हटलं काटा तर चालून राहिला ना गा. तर म्हणे, "अर्धी तुटली, म्हणून काटा चालते." केबल टाकली, साडेसहाशे घेतले, आकडे जिथल्या तिथं. मग म्हणे गिअरबॉक्सकडचा गिअर घासला, त्याचे वेगळे. तरी नाही. शेवटी, "पुरं मीटरच बदलावं लागते, कंपनीनं २०१९ मध्ये ओम्नी बंद केली, ओरिजनल माल भेटत नाही, नागपूरहून नवं मागवतो," असं करून बावीसशे घेतले. बिल मागितलं तर म्हणे कायले जीएसटी भरता, घरचंच गॅरेज समजा.

मीटर लागलं, आकडे फिरले, पण भाड्याचा हिशोब कमी येऊ लागला. मले शंका आली म्हणून रोडनं किलोमीटरचे दगड पाहत गेलो, तर दहा दगड झाले तरी मीटर आठाच्या वर जाईना! म्हणजे दर भाड्याले माझंच डिझेल... म्हणजे गॅस जळत होता अन् पैसे लोकायचे वाचत होते.

मग वर्ध्याले एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो, तो मीटरचंच काम करते. त्यानं खोललं तर मागच्या झाकणावर पिवळ्या ऑइलपेंटनं भंगारवाल्यानं टाकलेला आकडा, स्क्रूच्या खाचा घासून गोल झालेल्या, अन् आत कोपऱ्यात कुंभारीण माशीनं मातीचं घर करून ठेवलेलं. हे म्हणे नागपूरचं नवं मीटर! मिस्त्री म्हणे हे ओम्नीचंच नाही, दुसऱ्याच गाडीचं आहे, त्याचा हिशोब वेगळा राहते, म्हणून कमी मोजते.

त्यानंच नीट समजावलं. गिअरबॉक्समधून एकच केबल येते. ती मीटरातलं चुंबक फिरवते, त्याच्या ओढीनं काटा हलते, अन् त्याच दांडीवरून बारक्या प्लास्टिकच्या गिअरनं आकडे फिरतात. म्हणजे काटा चालत असेल तर केबलही चांगली अन् गिअरबॉक्सही चांगला, दोष मीटरच्या आतच, बहुतेक करून तो बारका गिअर तडकलेला नाहीतर दांडीवर सुटलेला राहते. काटा अन् आकडे दोन्ही बंद असले तरच केबल पाहायची. अर्धी तुटलेली केबल वगैरे सगळ्या थापा.

वरून अजून एक डोकेदुखी. माझी गाडी ऐंशी हजाराच्या वर चाललेली, अन् हे मीटर एकतीस हजार दाखवते. परवा गाडी घ्यायले गिऱ्हाईक आलं तर आकडा पाहून हसलं अन् म्हणे, "भाऊ, मीटर मागं केलं का?" आता त्याले काय अन् कसं पटवून देऊ.

कोणाले मीटरचं काम करायचं असेल तर आधी आकड्याचा मोबाईलवर फोटो काढा, मीटर डोळ्यासमोर खोलायले लावा, काढलेला पार्ट घरी आणा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण हातात बिल असलं तर बोलणं सोपं जाते, अन् हे लोक नेमकं तेच देत नाहीत.

त्या गॅरेजवाल्याकडं माझं जुनं मीटर मागायले गेलो तर म्हणे ते भंगारवाला घेऊन गेला. अन् बोलता बोलता पेचकस घेऊन दुसऱ्या एकाच्या ओम्नीचा डॅशबोर्ड खोलत होता, म्हणून आजच लिहून टाकलं.