ॲडमिरल डंकन, ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीट: बॉम्बस्फोटानंतरही पबच राहिलेला पब

लंडनला गेलेली मराठी मंडळी वेस्ट एंडमधले एखादे संगीत नाटक पाहायला निघाली, की सोहोतला ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीट बहुधा त्यांच्या वाटेत येतो. प्रिन्स एडवर्ड थिएटर याच रस्त्यावर आहे आणि 54 क्रमांकाचा ‘ॲडमिरल डंकन’ हा पबही इथेच आहे. 1797 मध्ये कॅम्परडाउनच्या लढाईत डच आरमाराचा पराभव करणाऱ्या स्कॉटिश नौसेनानीचे नाव त्याला दिलेले आहे. गेली कित्येक वर्षे मात्र तो लंडनमधल्या समलिंगी, उभयलैंगिक आणि ट्रान्स लोकांची हक्काची जागा म्हणून ओळखला जातो. चांगली बिअर आणि बरी बैठक सोहोत पावलोपावली मिळते, तेव्हा केवळ तेवढ्यासाठी याच पबावर लिहिण्याचे कारण नव्हते. एवढा मोठा आघात सोसलेली जागा पुढे रोजचा धंदा कसा करते, हे इथे पाहायला मिळते.

शुक्रवार, 30 एप्रिल 1999 रोजी सायंकाळी साडेसहाच्या सुमारास या पबात खिळे भरलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. शनिवार-रविवारला जोडून सोमवारी बँक हॉलिडे आल्यामुळे सोहो माणसांनी फुलले होते आणि पबात गर्दी होती. तीन जण मृत्युमुखी पडले, सत्तरहून अधिक जखमी झाले आणि त्यांपैकी काहींना कायमचे अपंगत्व आले. मृतांमध्ये 27 वर्षांची एक गर्भवती स्त्री होती. ती, तिचा नवरा आणि त्यांचे समलिंगी मित्र नाटकाला जाण्यापूर्वी थोडा वेळ इथे थांबले होते. तिच्याबरोबर त्या मित्रांपैकी दोघांचा मृत्यू झाला आणि नवरा गंभीर जखमी झाला. बॉम्ब ठेवणाऱ्याला एका विशिष्ट समाजाची माणसे मारायची होती, परंतु मैत्रीने एकत्र उभ्या राहिलेल्या माणसांतून तो समाज वेगळा काढता येण्यासारखा नव्हता, आणि या पबाच्या स्वभावाविषयी दुसरे काही सांगितले नाही तरी एवढे पुरेसे आहे. तो 22 वर्षांचा नवनाझी तरुण त्याच रात्री पकडला गेला, 2000 मध्ये त्याला सहा जन्मठेपा झाल्या आणि किमान 50 वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय त्याला सोडू नये, असे न्यायालयाने 2007 मध्ये ठरवले. त्याचे नाव मी इथे देत नाही. मृतांची नावे पबातल्या फलकावर आहेत आणि ती तिथेच जाऊन वाचावीत असे मला वाटते.

हा फलक आणि त्याच्यासोबतचे स्मारक म्हणून लावलेले झुंबर हीच या पबातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. झुंबराला साखळदंडांचा अडसर नाही, ‘शांतता राखा’ अशी पाटी नाही, की समोर फुले वाहण्याचा चौथरा नाही. त्याच्या उजेडात लोक पितात, हसतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहतात. सुरुवातीला हे काहीसे खटकू शकते, कारण मृतांच्या स्मृतीजवळ आवाज चढवू नये, या संस्कारात आपण वाढलेलो असतो. थोडा वेळ बसल्यावर मात्र लक्षात येते की जी माणसे गेली ती इथे याच आनंदासाठी आली होती, आणि त्यांच्यासाठी इथला गोंगाट बंद करणे म्हणजे बॉम्ब ठेवणाऱ्याला हवे होते तेच करून देणे ठरले असते. पब जुलै 1999 च्या सुरुवातीलाच, त्या वर्षीच्या प्राइडच्या, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या वार्षिक मिरवणुकीच्या तोंडावर पुन्हा उघडण्यात आला. समलैंगिकतेच्या ‘प्रसाराला’ स्थानिक प्रशासनांना मनाई करणारे कलम 28 त्या वेळी ब्रिटनमध्ये लागू होते आणि इंग्लंडमध्ये ते 2003 पर्यंत टिकले. म्हणजे ज्यांच्यावर हल्ला झाला त्यांच्या बाजूने कायदासुद्धा पुरता उभा नव्हता, अशा काळात हे दार उघडले गेले.

प्रत्येक ठिकाणी असे घडत नाही, आणि घडावे असा आग्रहही धरता येणार नाही. अमेरिकेतल्या ऑरलँडोच्या ‘पल्स’ या समलिंगी नाइटक्लबात 12 जून 2016 रोजी 49 जणांची हत्या झाली. तो क्लब पुन्हा सुरू झाला नाही आणि तिथे कायमचे स्मारक उभारण्यासाठी 2023 मध्ये ती जागा शहर प्रशासनाने विकत घेतली. स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा इथल्या ‘तेप्लारेन’ या समलिंगी लोकांच्या बारसमोर ऑक्टोबर 2022 मध्ये दोन तरुणांना गोळ्या घालण्यात आल्या, त्यानंतर तो बारही बंद झाला. ज्यांनी स्वतःच्या दारात मित्रांचे मृतदेह पाहिले त्यांनी पुन्हा गल्ल्यावर उभे राहावे, असे त्रयस्थाने म्हणू नये. ॲडमिरल डंकनची थोरवी मी त्या दोघांच्या तुलनेत मोजत नाही. पण तो उघडा राहिल्यामुळे पुढे काय शक्य झाले, ते मात्र नोंदवण्यासारखे आहे.

स्फोटानंतरच्या रविवारी सोहो स्क्वेअरमध्ये हजारो लोक जमले होते. सतरा वर्षांनी ऑरलँडोची बातमी आली तेव्हा, 13 जून 2016 च्या संध्याकाळी, लंडनकरांना कुठे जमायचे हे फारसे सांगावे लागले नाही. ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीट या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला, महापौर सादिक खान आले, मौन पाळले गेले, 49 फुगे आकाशात सोडण्यात आले आणि लंडन गे मेन्स कोरसने गाणे म्हटले. शोकसभेला सभागृह लागते, अध्यक्ष लागतो, हारतुरे लागतात, अशी आपली समजूत असते. इथे एक अरुंद रस्ता आणि काही उघडे पब एवढ्यावर ते काम झाले. माझ्या मते हीच या जागेची खरी सेवा आहे आणि ती कोणत्याही दरपत्रकावर लिहिलेली नसते.

भारतीय वाचकांनी आणखी एक संदर्भ विसरू नये. सोहोच्या आधी याच माणसाने लंडनमध्येच 17 एप्रिलला ब्रिक्स्टन भागात आणि 24 एप्रिलला ब्रिक लेनमध्ये बॉम्ब ठेवले होते. पहिल्याचा रोख कृष्णवर्णीयांवर होता आणि दुसऱ्याचा बांगलादेशी वस्तीवर, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्या आपल्यापैकी कोणावरही. समलिंगी लोकांचा प्रश्न ‘त्यांचा’ आहे असे मानणाऱ्या दक्षिण आशियाई मंडळींना त्या दोन आठवड्यांनी दिलेले उत्तर पुरेसे स्पष्ट आहे. या तीन तारखांवरूनच ‘17-24-30’ हे नाव घेतलेली संस्था एप्रिलमध्ये तिन्ही ठिकाणी स्मरणाचे कार्यक्रम घेत आली आहे, आणि ब्रिक लेनच्या दुःखाला सोहोच्या दुःखाशी बांधून ठेवण्याचे हे काम मला कोणत्याही भाषणापेक्षा मोलाचे वाटते.

आता व्यवहाराचे. लेस्टर स्क्वेअर, टॉटनहॅम कोर्ट रोड आणि पिकॅडिली सर्कस या तिन्ही ट्यूब स्थानकांपासून पब चालत जाण्याच्या अंतरावर आहे. जागा लहान आहे. ऐसपैस बसून गप्पा मारायच्या असतील तर कामाच्या दिवशी दुपारी जावे, कारण संध्याकाळी, विशेषतः शुक्रवारी-शनिवारी, बहुतेकांना उभेच राहावे लागते. सोहोतले भाव मध्य लंडनचे आहेत, तेव्हा ग्लास समोर आल्यावर रुपयांत हिशेब करू नये. मद्य न घेणाऱ्याने सोडा किंवा फळांचा रस मागितला तर कोणी भुवया उंचावत नाही. जेवणाचा बेत वेगळा ठेवावा. शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू ओलांडले की चायनाटाउन आहे. रात्री ड्रॅग कलावंतांचे, म्हणजे बहुधा भडक स्त्रीवेशात रंगमंचावर येणाऱ्या कलाकारांचे, कॅबरे असते. त्यात प्रेक्षकांची थट्टा हा कार्यक्रमाचाच भाग असतो आणि विनोद सोवळा नसतो, त्यामुळे आईवडिलांना घेऊन जायचे असेल तर दुपारच बरी. आपण समलिंगी नसलो तर इथे जावे का, हा प्रश्न मला एका परिचितांनी संकोचाने विचारला होता. अवश्य जावे, पण पाहुण्याच्या रीतीने: न विचारता कोणाचे छायाचित्र काढू नये, आणि आत आल्यावर काहीतरी विकत घ्यावे, कारण असे पब गिऱ्हाइकांच्या पैशावरच टिकतात.

30 एप्रिलला लंडनमध्ये असाल तर वॉर्डर स्ट्रीटवरच्या सेंट ॲन्स चर्चच्या बागेत त्या वर्षीचा स्मरणाचा कार्यक्रम आहे का, याची आधी चौकशी करावी. हे चर्च स्वतःही दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाले होते आणि त्याचा मनोरा तेवढा वाचला. त्या दिवशी सायंकाळी पबासमोर गर्दी होते, त्यामुळे ज्यांना फलक निवांतपणे वाचायचा आहे त्यांनी दुपारीच आत जाऊन यावे.