विंडोज ७ वर आजची सॉफ्टवेअर : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझा स्कॅनर अजून ठणठणीत आहे, पण कंपनीने त्याचा ड्रायव्हर विंडोज ७ च्या पुढे काढलाच नाही. म्हणून जुना लॅपटॉप मुद्दाम चालू ठेवला आणि गेले कित्येक महिने स्कॅनिंगसोबत लिखाणाचं कामही त्यावरच करतोय. काम छान होतं. फक्त कुठल्या प्रोग्रॅमची कुठली आवृत्ती या सिस्टीमवर शेवटची, हे माहीत हवं.

विंडोज ७ साठी क्रोम ब्राउझर १०९ व्या आवृत्तीवर थांबला, म्हणून मी फायरफॉक्स ११५ ईएसआर (जास्त काळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती) घेतला. नवीन फीचर त्यात येत नाहीत, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या पुढेही बराच काळ येत राहिल्या. शिवाय साइट खरी आहे हे पडताळणाऱ्या प्रमाणपत्रांची यादी तो स्वतःची वापरतो, त्यामुळे सिस्टीमची यादी जुनी असली तरी साइट नीट उघडतात. लिबरऑफिस या मोफत ऑफिस पॅकेजची २५.२ ही इथे चालणारी शेवटची मालिका. व्हीएलसी ३ या व्हिडिओ प्लेअरबद्दल तक्रारच नाही.

खरा वेळ जातो तो एररमध्ये. 'एपीआय-एमएस-विन-सीआरटी' असं सुरू होणारं लांबलचक नाव देऊन डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी सहायक फाइल) सापडत नाही म्हटलं, तर ती फाइल भलत्या साइटवरून कृपया उतरवू नका. सिस्टीममध्ये युनिव्हर्सल सी रनटाइम, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना लागणारा मायक्रोसॉफ्टच्या फाइलींचा संच, नसतो, एवढंच. सर्व्हिस पॅक १ (विंडोज ७ चा मोठा एकत्रित अपडेट) असेल तर मायक्रोसॉफ्टचा केबी२९९९२२६ हा अपडेट टाकला की काम होतं. 'कर्नेल३२ मध्ये प्रोसीजर एंट्री पॉइंट सापडला नाही' असं आलं तर मात्र बहुतेक वेळा विषय संपला. कर्नेल३२ ही विंडोजचीच गाभ्याची फाइल, आणि प्रोग्रॅमला हवं असलेलं फंक्शन (विंडोजने करून द्यायचं काम) या विंडोजमध्ये नाहीच.

अशा वेळी बरेच जण कंपॅटिबिलिटी मोड लावून बघायला सांगतात. तो मोड जुना प्रोग्रॅम नव्या विंडोजवर चालवण्यासाठी आहे. प्रोग्रॅमला तो विंडोजची आवृत्ती जुनी असल्याचं भासवतो, जुन्या काही सवयी सांभाळतो. नसलेलं फंक्शन तो कुठून आणणार? त्यापेक्षा त्याच प्रोग्रॅमची आधीची आवृत्ती शोधा.

सापडली की तिचा इन्स्टॉलर वेगळ्या ड्राइव्हवर ठेवून द्या. डाउनलोडच्या पानावरून जुन्या आवृत्त्या कधी गायब होतील, भरवसा नाही. ३२ बिट की ६४ बिट, तेही फाइलच्या नावात लिहा.

बँकेचे व्यवहार मात्र मी यावर करत नाही. विंडोज ७ चा नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० लाच संपला आणि ब्राउझर कितीही नीट असला तरी खालच्या सिस्टीमची भोकं तो बुजवू शकत नाही. स्कॅन झालं की फाइल दुसऱ्या मशीनवर घेतो आणि याचं वायफाय बंद करतो.